आतेचा कान

मालवण तालुक्यातल्या प्रत्येक माणसाशी माझ्या बायकोच्या आतेची ओळख तो जन्मायच्या आधीच झालेली असायची. आते सुईण होती, पण बोलावणं येईपर्यंत थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. आमच्या कट्टा गावच्या बाजारात, देवळाच्या पायरीवर, जिथे गरोदर बाई दिसेल तिथे तिला बसवून ती पोटाला कान लावायची. एकदा एस.टी.च्या कंडक्टरने घंटी मारली, तर त्याच्यावरच डाफरली, "गप रव रे मेल्या, पोराची धडधड आयकतंय मां!" गाडी निमूट थांबली. फणस तयार झाला की नाही तेही ती कान लावूनच सांगायची, म्हणून मी तिला 'फणसवाली डॉक्टरीण' म्हणायचो. मी मुंबईहून डॉक्टर होऊन, पोट ऐकायची लाकडी नळी घेऊन कट्ट्यात दवाखाना थाटला होता. बायका तिच्याकडे जायच्या, माझ्याकडे नुसता खोकला यायचा.

पुढे आमच्या हिलाच आठवा महिना लागला. आतेनं कान लावला, पोट चाचपलं आणि म्हणाली, "पोराचा डोक्या अजून वयर तरंगता. वार वाटेर बसली हा की काय, देव जाणा." वार, म्हणजे बाळाला पोसणारा नाळेचा गोळा, बाळाच्या वाटेत असली तर आई आणि मूल दोघांच्या जिवावर बेततं. या विषयावर मी परीक्षेत पानंच्या पानं भरली होती, तरी आतेच्या तोंडून ऐकल्यावर मला हसू आलं. आठ दिवसांनी, भर दुपारी, हिला एकाएकी रक्त जाऊ लागलं. कळ नाही, काही नाही. आते धावत आली. काहीतरी करायचंच म्हणून मी हात धुतले आणि आतून तपासायला पुढे झालो, तोच आतेनं माझं मनगट पकडलं.

"जावयानू, हात घालू नकात! कळ नाय आणि रगत इला, म्हणजे वारच ती. बोट लागला तर माझा चेडू, माझी भाची, हातची जातली."

पुस्तकात हेच लिहिलं होतं आणि त्याखाली लाल रेघही मीच मारली होती.

कौलांच्या ट्रकमध्ये गादी घालून आम्ही हिला कणकवलीच्या पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटभर आतेनं हिचे पाय आपल्या मांडीवर उंच धरले आणि खड्ड्यागणिक ड्रायव्हरचा उद्धार केला. ऑपरेशन झालं, ही वाचली, मुलगी झाली. मोठ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन माझी पाठ थोपटली. "आत हात घातला नाहीत, म्हणून वाचली. घरचं माणूस असताना एवढं भान फार थोड्यांना राहतं." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. शेजारी उभी असलेली आते म्हणाली, "जावंय माझो शाणो आसा."

गावातही तिनं तेच सांगितलं आणि माझा दवाखाना चालू लागला. खरं काय ते मी कधी बोललो नाही. आते जाईपर्यंत तिचे साधे आभारसुद्धा मानले नाहीत. आज सगळं सांगतोय, तर कान लावून ऐकायला ती नाही.