हौदाची जागा
परवा वसतिगृहात नळ दुरुस्त करताना पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास आला आणि अक्कलकोट रोडला आमचं घर बांधत होते तेव्हाची एक दुपार आठवली. शेजारच्या कारखान्यात यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येकजण गेटजवळ जमिनीत हौद बांधतो. आणि मैला उपसायची गाडी आत येत नाही, म्हणून संडासाची टाकीही गेटजवळच असते. आमच्या हौदाचा खड्डा त्या टाकीपासून हातभर अंतरावर खणला जात होता. मी सिव्हिलच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते. वर्गात शिकलेलं घरात बोलायचा मला संकोच वाटायचा, तरी वडिलांना म्हणाले, "आण्णा, टाकी झिरपली तर ते पाणी हौदात उतरंल. हौद मागच्या बाजूला घेऊया." मिस्त्री हसले. "गल्लीत समद्यांचं असंच हाय की. कोण मेलं का?" मी म्हणाले, "मेलं न्हाय मामा, पण पावसाळा आला की जुलाबानं निम्मी गल्ली दवाखान्यात असती." मिस्त्री म्हणाले, "खड्डा कंबरेएवढा झालाय. आता बुजवणार कोण?" "मी," म्हणत मी फावडं उचललं आणि माती आत ओढायला लागले. आण्णा पुढं आले आणि माझ्या हातातलं फावडं घेऊन म्हणाले, "हे मी करतो. तू मागं जाऊन जागा आखून दे." आता डिग्रीला मी घराचा आराखडा काढते तेव्हा खोल्यांच्या आधी हौद आणि टाकी आखते. सर म्हणतात, हे उलटं आहे. मी मान डोलावते, पण क्रम बदलत नाही.