मूर्तीची मागची बाजू

शिल्पकलेवर मी काही लिहावं, हा माझा अधिकार नाही. जाणकारांनी आधीच माफ करावं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि संगमरवर म्हणजे आमच्यासाठी देवळातली फरशी. पण नेदरलँड्समध्ये शिकत असताना एक मूर्ती मनात बसली, तेवढंच सांगतो.

दुसरा लॉकडाऊन लागायच्या थोडं आधी आमच्या प्राध्यापिका वर्गाला संग्रहालयात घेऊन गेल्या. रोमन काळातला संगमरवरी तरुण खेळाडू, एका पायावर भार टाकून उभा. सगळे चेहऱ्याकडे पाहत होते. मी सवयीनं आधी पायांकडे पाहिलं. आपल्याकडे दर्शन पायांपासूनच घेतात. त्याच्या पोटरीला झाडाचा एक बुंधा चिकटलेला होता. अंगावर कपडा नसलेल्या खेळाडूशेजारी झाड कशाला? भीत भीत विचारलं.

बाई खूश झाल्या. म्हणाल्या, ग्रीकांची मूळ मूर्ती काशाची, आतून पोकळ, म्हणून बारीक घोट्यांवर तोलून राही. रोमनांनी तीच दगडात घडवली. दगडाच्या वजनानं घोटे मोडले असते, म्हणून त्यांनी बुंधा जोडला. "प्रबंध यावरच लिही. पण तो पायाला मागून कसा जोडलाय, हे स्वतः पाहिल्याशिवाय लिहू नकोस. फोटो सगळे समोरूनच असतात."

आणि संग्रहालय बंद झालं. उन्हाळ्यापर्यंत उघडलं नाही तर विषय बदलावा लागणार होता. मला तो बदलायचा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा एखादा प्रश्न माझा स्वतःचा होता.

मी उइटहॉर्न नावाच्या गावात एका मराठी कुटुंबाकडे खोली घेऊन राहत होतो. खरं सांगायचं तर दिवस वाईट नव्हते. दुपारी कालव्याकाठी सायकल, संध्याकाळी घरमालकीण वहिनींच्या हातची आमटी. त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीला मूर्तीचं सांगितलं, तर ती लगेच एक हात वर करून एका पायावर उभी राहिली. डुगडुगली आणि तिनं खुर्ची धरली.

"अगं, पुतळा कधी खुर्ची धरतो का?" वहिनी म्हणाल्या.

"रोमन धरतात!" तिनं डचमध्ये ठणकावलं. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र डचमध्ये.

"बघा भाऊजी, तुमचा प्रबंध हिनंच लिहिला. भाड्यात सूट नाही हं मिळणार."

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "इथं देवळं बंद, तिथं तुझी मूर्ती बंद. उघडेल रे. पाठ बघायला एवढा तडफडणारा मी पहिलाच पाहिला."

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. कालव्यावरचा बर्फ वितळला. समोरच्या बाजूचं जेवढं लिहिता आलं तेवढं लिहून ठेवलं. मागच्या बाजूसाठी पानं कोरी सोडली.

एप्रिलमध्ये, मी पोळ्या भाजत असताना बाईंचा फोन आला. संग्रहालय लोकांसाठी अजून बंदच होतं. पण अभ्यासासाठी एकेकाला आत सोडणार होते, मास्क लावून, तासभर. मंगळवारी माझी पाळी होती.

"आणि मूर्तीच्या मागे जाता येईल?" मी विचारलं.

"भोवती फिरता येईल," त्या म्हणाल्या, "पूर्ण."


तव्यावरची पोळी करपली. वहिनींनी ती हसत हसत बाजूला काढली.