थोरलीनं मोजलेली शांतता

आमच्या वरच्या मजल्यावर दोघी बहिणी राहत. साऱ्या इमारतीला त्या थोरली आणि धाकटी म्हणूनच माहीत. धाकटीचा आवाज पुष्कळांच्या ओळखीचा, कारण इंग्रजी शिकवणाऱ्या टेपवर तो असे. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा माझ्या वर्गातही त्याच टेपा वाजत. थोरलीचा आवाज मात्र कुठल्याच टेपवर नाही. तरी मला लिहायचंय ते थोरलीबद्दल.

टेपची पद्धत अशी होती. धाकटी इंग्रजी वाक्य म्हणायची, मग त्याचं मराठी, आणि शिकणाऱ्याला ते वाक्य पुन्हा म्हणता यावं म्हणून पुढे थोडी शांतता. ती किती असावी हे घड्याळ ठरवत नसे, थोरली ठरवायची. रेकॉर्डिंगच्या खोलीत ती धाकटीसमोर बसे. वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणे, नवशिक्यासारखं अडखळत. मग आवंढा गिळे आणि बोट वर करी. बोट वर झालं की पुढचं वाक्य. थोरली लोकांचे कपडे शिवायची. इंग्रजी तिला जेमतेम येई, म्हणून तर तिचं माप मुलांना बरोबर बसायचं.

काचेपलीकडे यंत्रापाशी बसणारे रेकॉर्डिंगवाले भाऊ मात्र कावायचे.

"ताई, दर वाक्याला तुमचा आवंढा माझ्या कानात पडतो."

"पडू दे की. माझ्या पोटात तरी कुठं काय पडलंय सकाळपासून!"

एका पाठात एकच इंग्रजी क्रियापद, त्याच्या सगळ्या अर्थांसकट. 'कीप'चा पाठ बसवताना मी त्यांच्याकडेच होते. धाकटी डाळिंबी शाल पांघरून टेबलाशी बसलेली, थोरली शिवणाच्या मशीनवर. शब्दकोशात 'कीप'च्या शेजारी रिटेन, होल्ड, प्रिझर्व्ह अशी मंडळी बसवलेली असतात. रिटेन म्हणजे हातचं जाऊ न देणं, होल्ड म्हणजे धरून ठेवणं, प्रिझर्व्ह म्हणजे नासू न देणं. प्रत्येकाला 'कीप'चं एखादं काम जमतं, सगळी कामं कुणालाच जमत नाहीत. मराठीतही तेच.

"मिल्क डझन्ट कीप. दूध ठेवत नाही," धाकटी म्हणाली.

"कोण ठेवत नाही? मांजर?" मशीन न थांबवता थोरली म्हणाली. "दूध टिकत नाही, असं म्हण."

"कीप युवर वर्ड?"

"शब्द पाळ."

"कीप अ डॉग?"

"तेही पाळणंच. दोघांनाही मोकळं सोडून चालत नाही."

"कीप वॉकिंग, चालत राहा. कीप क्वायट, गप्प राहा."

"हे तू मला सांगतेस? गप्प राहण्याचाच तर धंदा आहे माझा."

शेवटी 'वॉट केप्ट यू?' आलं. तुला कशानं अडवलं, असं मी सुचवलं. थोरलीनं दोरा दातानं तोडला.

"बाई, उशीर करून घरी आलेल्या माणसाला असं विचारतात होय? 'कुठं होतीस इतका वेळ?' असं विचारतात."

तेच टेपवर गेलं.

वर्गात ती टेप लावली की मला नवल वाटे. शेवटच्या बाकावरचा तोतरा मुलगा वाक्य संपवी आणि त्याच क्षणी पुढचं वाक्य येई, जणू कुणीतरी त्याच्यासाठी थांबलं होतं. एकदा मुलांनी माझी गंमत करायची म्हणून ठरवून तोंडं मिटून घेतली. टेप चालूच होती. त्या दिवशी मधली शांतता इतकी लांबली की मुलंच कावरीबावरी झाली आणि एकेक करून वाक्य म्हणू लागली. यंत्र जुनं झालंय, असं मी स्वतःला समजावलं.

मागच्या हिवाळ्यात थोरली गेली. शिवता शिवता मशीनवर मान टाकली, बस.

त्यानंतर दुपारी वरून धाकटीचं बोलणं ऐकू येऊ लागलं. एकटं माणूस स्वतःशी बोलतं, त्यात काय. पण एकदा मी जिना चढत होते आणि दार उघडं होतं.

"चहा टाकू का?" धाकटीनं विचारलं. मग शांतता. मग, "बरं, अर्धाच टाकते."

माझा पाय पायरीवरच राहिला. ती शांतता मी वर्षानुवर्षं वर्गात ऐकली होती. तिचं माप मला पाठ होतं.

त्याच सुमारास टेपा काढणाऱ्या संस्थेचा निरोप आला. 'कीप'ची टेप यंत्रात अडकून फाटली होती. तेवढा पाठ पुन्हा म्हणून द्या, तो बाकीच्या पाठांशी जुळला पाहिजे. नाही जुळला, तर सगळेच पाठ दुसऱ्या बाईंकडून नव्यानं करून घेऊ, मधली शांतता यंत्र घालील, सगळीकडे सारखी, आणि जुन्या टेपा पुसून टाकू.

धाकटी जाऊन हात हलवत परत आली. मला म्हणाली, "बाई, वाक्य म्हणते आणि पुढं जाताच येत नाही. समोर बोट नाही ना. त्या टेपा पुसल्या तर ती उरली कुठं? एकुलत्या एका फोटोतसुद्धा डोळे मिटलेत तिचे. तुम्ही याल का बसायला?"

मी गेले. खोलीच्या भिंतींना जाड कापड लावलेलं, स्वतःचा श्वासही परका वाटावा असं. थोरलीची खुर्ची तिथेच होती, तिनंच शिवलेली उशी तिच्यावर. मी बसायला वाकले, तशी धाकटी पटकन म्हणाली, "तिथं नको. तुम्ही या बाजूला बसा."

पाठ सुरू झाला. "मिल्क डझन्ट कीप. दूध टिकत नाही." मी ओठांत वाक्य म्हटलं आणि बोट वर केलं. धाकटी बोललीच नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती. थोड्या वेळानं, आपलं आपणच, तिनं पुढचं वाक्य घेतलं. पुन्हा तेच. माझं बोट दरवेळी लवकर वर जात होतं, जन्मभर इंग्रजी शिकवलेली माझी जीभ फार सराईत होती. धाकटीची नजर रिकाम्या खुर्चीवर होती आणि ती नेमक्या जागी बोलत होती. मी हात मांडीवर ठेवला.

"वॉट केप्ट यू? कुठं होतीस इतका वेळ?"

शांतता. वाक्य म्हणून संपलं असतं, पुन्हा म्हणून संपलं असतं, तरी शांतता. काचेपलीकडे भाऊंनी मान वर केली. धाकटी किंचित पुढे झुकली होती, कुणाचं तरी लांबलचक, रडवेलं उत्तर ऐकून घेत असल्यासारखी. मग तिनं मान हलवली आणि शांतपणे पुढचं वाक्य म्हटलं.

पाठ संपल्यावर भाऊंनी तो पुन्हा ऐकला. बराच वेळ ते कानांवरचे हेडफोन काढेनात. मग आत आले, दारातच थांबले.

"बाई, तुम्ही मधे मधे आवंढा गिळत होतात का?"

माझ्या घशाला सकाळपासून कोरड होती. गिळायला काही नव्हतंच. मी धाकटीकडे पाहिलं. ती शालीचं टोक दोन्ही मुठींत घट्ट धरून उभी होती.

"हो," मी म्हटलं. "मीच."

भाऊ त्या उशीकडे बघत राहिले. जन्मभर ज्या आवाजावरून त्यांनी कटकट केली तो कुणाचा हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती.

"मग राहू दे," ते म्हणाले. "जुन्याशी जुळतंय. टेपा पुसायचं कारण नाही."

आम्ही निघालो. धाकटीनं जड दार उघडून धरलं, मी बाहेर पडले. तिनं ते लगेच लोटलं नाही. एक वाक्य अडखळत म्हणून व्हावं, इतका वेळ ते धरून ठेवलं आणि मग अलगद मिटलं.