स्माइल नव्हे, सिमिली

माझी लेक बारावीला गेली, त्याच वर्षी मीही बारावीला बसले. ती सायन्सला, रोज जीपने घनसावंगीच्या कॉलेजात जाणारी. मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून आर्ट्सला. आमच्या गावच्या अंगणवाडीत मी मदतनीस आहे. सेविकाबाई रिटायर व्हायला आल्या होत्या आणि त्यांच्या जागेवर अर्ज करायचा तर बारावी पास पाहिजे, असं मीटिंगमध्ये सांगितलं गेलं. माझं दहावीनंतर लग्न झालेलं. लेकरांची खिचडी ढवळता ढवळता मी ठरवलं, एवढी वर्षं हेच काम करतेय, तर आता कागदासाठी अडून बसायचं नाही.

मराठी, इतिहास, राज्यशास्त्र वाचलं की कळायचं. घोडं अडलं ते इंग्रजीत, आणि त्यातही कवितेखालच्या एका प्रश्नावर: ओळीतला अलंकार ओळखा आणि स्पष्ट करा. इंग्रजीचा पेपर आर्ट्सला आणि सायन्सला एकच. त्यामुळे पुस्तक लेकीचंच चाललं आणि मास्तरीणही तीच झाली.

पहिल्याच दिवशी मी मोठ्याने वाचलं, "स्माइल."

"मम्मी, स्माइल न्हाई. सिमिली. एसच्या पुढं आय हाय, नीट बघ ना."

"मंग त्याचा अर्थ काय?"

"उपमा. लाइक नाहीतर ॲज आलं की डोळे झाकून सिमिली लिहायचं."

हे मला आवडलं. दुसऱ्या दिवशी तिने पाच-सहा वाक्यं लिहून दिली. त्यात एक होतं, आय लाइक मँगोज. मी डोळे झाकून सिमिली लिहिलं. तिने पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

"हितं लाइक म्हंजे आवडणं. आंबे कुणासारखे हायेत का?"

"तूच म्हनलीस ना, लाइक आलं की."

"थोडं डोकं पण लावायचं असतं."

अंगणवाडीत मी तीन वर्षांच्या लेकराला असं बोलले असते, तर त्याची आई भांडायला आली असती. मी उठून भाकरी टाकायला गेले आणि जरा जोरातच थापल्या.

मराठीत शाळेत शिकलेलं उपमा, रूपक, अनुप्रास, अतिशयोक्ती अजून लक्षात होतं. म्हणून मी जोड्या लावायला घेतल्या. काही जुळल्या. पण ॲपोस्ट्रॉफी म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा स्वल्पविराम, हे नुकतंच पाठ केलं होतं, तर समोर नाही त्याला हाक मारणं यालाही ॲपोस्ट्रॉफीच म्हणतात म्हणे. एका नावाची दोन माणसं गावात असली, तर आपण एकाला थोरला आणि एकाला धाकला म्हणतो. इथे तेवढीही सोय नाही. आणि ट्रान्सफर्ड एपिथेट! लेकीने उदाहरण दिलं, बिनझोपेची उशी.

"उशीला कधी झोप लागती का?" मी विचारलं.

"तेच तर. झोप माणसाला लागत न्हाई, पण शब्द उशीला चिकटवला. विशेषणाची बदली झाली."

बदली म्हटल्यावर मला एकदम कळलं. आमच्या तालुक्यात कोण कुठे बदलून जातं आणि का, हे सगळ्यांना कळतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा "बराबर" म्हणाली.

पण आठच दिवसांत पुन्हा सगळं फिसकटलं. एका कवितेत रस्ता होता आणि तो गावाकडे धावत जात होता. लेकीच्या गाइडमध्ये त्या ओळीखाली पर्सोनिफिकेशन लिहिलेलं. माझ्या सेकंडहँड गाइडमध्ये मेटाफर. मी तिला विचारलं, खरं कोणतं? ती म्हणाली, तिचं, कारण ते नवीन आहे. हे काही मला पटलं नाही. रस्ता माणसासारखा धावतो म्हणून पर्सोनिफिकेशन, हे ठीक. पण मग दुसरं गाइड छापणारा काय झोपेत होता?

मी सरळ तिच्या क्लासच्या सरांना विचारायला गेले. घनसावंगीला एका दुकानाच्या वर त्यांचा क्लास होता. पोरं-पोरी बसलेल्या, लेक दुसऱ्या बाकावर. मला दारात बघून तिने मान जी खाली घातली ती वर केलीच नाही. सरांनी दोन्ही गाइडं बघितली. माणूस बिचारा भला होता, पण घसा बसलेला.

"ताई, तुमचा प्रश्न बराबर आहे," ते म्हणाले. "पण पेपर तपासणाऱ्याला एवढा विचार करायला टाइम नसतो. नाव लिहा, खाली एक ओळ कारण लिहा, पुढं चला. समजून घेत बसलात तर पेपर राहून जाईल."

म्हणजे समजून घेतलं तर नापास. मी गाइडं पिशवीत घातली आणि खाली आले.

आमचे मालक घनसावंगी-अंबड रस्त्यावर काळीपिवळी चालवतात. परतीच्या फेरीला आम्ही दोघी त्यांच्याच जीपमध्ये बसलो. लेक माझ्याकडे बघेना.

"समद्या क्लाससमोर यायची काय गरज होती?" शेवटी ती म्हणाली. "घरी इचारलं असतं ना."

"घरी तुला इचारलं की तू कपाळाला हात लावतीस."

"कारण तू सरळ पाठ करीत न्हाईस. दर टायमाला असं का न् तसं का."

शेजारी मेथीची गाठोडी मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने पुढे मालकांना विचारलं, "काय झालं बापू, माय-लेकी का भांडून राह्यल्या?"

"रस्ता धावतो का न्हाई, यावर," मालक म्हणाले.

"ह्यो रस्ता?" म्हातारी म्हणाली. "ह्यो तर कवाचा आडवा पडलाय."

नेमकी तेव्हाच जीप खड्ड्यात गेली आणि मेथी माझ्या अंगावर आली. लेकीने तोंड खिडकीकडे वळवलं, पण तिचे खांदे हलत होते. घरी आल्यावर तिने आपण होऊन दोन्ही गाइडं समोर घेतली. खूप वेळ वाचून म्हणाली, "मम्मी, मला पण नक्की न्हाई माहीत. मी नुसतं पाठ केल्तं." ती थकलेली दिसत होती. मीही थकले होते. मग आम्ही ठरवलं, नाव काहीही लिहू, पण कारण आपल्या शब्दांत लिहायचं आणि दोघींनी एकमेकींना ते समजावून दाखवायचं. त्यानंतर आमची भांडणं कमी झाली नाहीत, फक्त ती रस्त्यावरून, उशीवरून, वाऱ्यावरून व्हायला लागली. माझ्या अकलेवरून बंद झाली.

परीक्षेला तिचं सेंटर वेगळं, माझं वेगळं. माझ्या बाकाच्या मागे-पुढे मिसरूड फुटलेली पोरं. पर्यवेक्षक मला "मॅडम" म्हणाले, त्यांना वाटलं मी तपासणीला आलेय. हॉल तिकीट दाखवलं तेव्हा त्यांनी बसायला सांगितलं. अलंकाराची ओळ आली, मी नाव लिहिलं, खाली एक ओळ पुरली नाही म्हणून तीन ओळी लिहिल्या.

निकाल लागला. दोघी पास. लेकीला खूप चांगले मार्क पडले. इंग्रजीत मी काठावर, पण पास. मालक अंबडहून पेढे घेऊन आले आणि गल्लीत वाटत सुटले, "पोरीची बारावी झाली." लोक येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवत होते. मी पाण्याचे तांबे भरत होते. सगळे गेल्यावर मालकांनी विचारलं, "अगं, तुझा पण निकाल व्हता ना आजच?"

पास झाले तरी सेविकेची जागा अजून निघालेलीच नव्हती. ती तर आजही निघालेली नाही. मी पायात चप्पल घातली, चौकातल्या दुकानातून पेढ्यांचा दुसरा बॉक्स आणला आणि पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली.

"आत्ताच तर दिल्ते की," शेजारीण म्हणाली.

"ते पोरीचे," मी म्हटलं. "हे माझे."