ह्या ताईंनाही होतं

दवाखान्यातल्या बाकावरच्या बाईंनी माझ्याकडे बघण्यासाठी मिटू लागलेली पापणी बोटानं वर उचलली. मलाही त्यांच्यासारखाच, स्नायू लवकर थकवणारा दुर्मिळ आजार आहे, म्हणून नव्या रुग्णांशी बोलायला मी इथे येते.

"संध्याकाळी चपाती चावतानाही जबडा थकतो ना?" मी विचारलं.

त्या दचकल्या. "तुम्हाला कसं कळलं? घरी म्हणतात, नाटकं करते."

"माझ्याही घरी म्हणायचे. मी रात्री मऊ भात खाते."

त्या हसल्या आणि हसता हसताच रडू लागल्या. आजार काही कमी झाला नव्हता. पण आपलं दुखणं खरं आहे, एवढं कुणी म्हटलं तरी माणूस किती सैल होतो!

डोळे पुसून त्यांनी दाराबाहेर उभ्या नवऱ्याला हाक मारली, "अहो, आत या. ह्या ताईंनाही होतं असंच."