मारोतीचं "हाव"

आज सकाळी मारोती गेला. त्याच्या नावावर लागलेली चूक माझी होती.

लातूरहून नांदेडला जाणाऱ्या एसटीत बसून हे मोबाइलवर लिहितोय. लोहा मागे पडलं. नांदेडला बस बदलून हिमायतनगर, मारोतीचं गाव. चार वाजता त्याची माती.

मारोतीच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला होता. "भाऊजी, सोबत नोकरी केली तुम्ही. दोन शब्द तुम्हीच बोला."

"हाव," म्हणालो. आमच्याकडे हाव म्हणजे हो.

याच शब्दाने घात केलाय.

आम्ही पायदळातले, पण आमची तुकडी हेलिकॉप्टरमधून उतरायची. हेलिकॉप्टर जमिनीला टेकलं की शत्रूला आयतं निशाण. म्हणून ते हवेत थांबायचं आणि आम्ही दोरावरून सरकत खाली.

तेव्हा आमच्या तुकडीत हे नवंच होतं. आधी कोण उतरणार, खालून वर कसं कळवायचं, दर सरावाला काहीतरी बदलायचं.

त्या दिवशी मारोती पहिल्या हेलिकॉप्टरमधून उतरला, पाठीवर रेडिओ. मी दुसऱ्यात, माझ्याही पाठीवर रेडिओ.

खाली नुसती धूळ. आमचे सुभेदार साहेब हरियाणाचे. माझ्या कानाशी ओरडले, "पूछ, रुकें क्या?"

मी रेडिओवर विचारलं, "मारत्या, थांबायचं का?"

"हाव."

स्वच्छ ऐकू आलं मला. थांबा, धूळ बसू द्या.

मी वळलो आणि साहेबांना तसंच ओरडून सांगितलं, "हाव!"

डोक्यावर पंखा गरगरतोय. हरियाणाच्या माणसाने काय ऐकावं?

"आओ."

साहेबांनी अंगठा वर केला. पहिला जवान दोरावर गेलासुद्धा.

"साहब, रुको!" मी ओरडलो. माझं मलाच ऐकू आलं नाही.

पायलटला जमीन दिसेना, त्याने हेलिकॉप्टर वर उचललं. दोराचं टोक जमिनीपासून सुटलं आणि त्या जवानाचा हात दोरावरून.

वाचला तो. पण परत कधी धावला नाही.

इन्क्वायरीत साहेब म्हणाले, "नीचे से आओ आया था." मारोतीने सरळ सांगितलं, "मी हाव म्हणालो, साहेब." रेडिओवर गावची बोली वापरली म्हणून ठपका त्याच्यावर. प्रमोशन अडकलं.

मग मला विचारलं, खालून काय आलं?

"हाव आलं, साहेब."

खोटं नव्हतं. पण साहेबांच्या कानात ते ओरडलं कुणी, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. माझं लग्न ठरलेलं. प्रमोशनच्या यादीत नाव. भ्यालो, दुसरं काही नाही.

पुढे नवं ड्रिल मारोतीनेच बसवलं. रेडिओवर नुसतं हो-नाही बंद. "रुको रुको रुको" असं तीनदा, आणि खालून रंगीत धूर. लाल धूर म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे उतरा. धुराचा रंग दिसल्याशिवाय दोर सोडायचा नाही. साहेब लोकांना पटलं, तुकडीत तेच चालू झालं.

नव्यांना शिकवताना तो सांगायचा, "माझ्या एका शब्दाने माणूस पडला."

मी मागे उभा राहून ऐकायचो. लाज कशी वाटली नाही? वाटायची. रोज वाटायची.

पेन्शनीत आल्यावर एकदा विष्णुपुरीच्या धरणावर बसलो होतो. मी धीर करून म्हणालो, "मारत्या, त्या दिवशीचं जरा..."

"सोड की लेका. लई वर्षं झाली."

मी लगेच सोडलं. मला तेच पाहिजे होतं ना.

आज बसमध्ये एक गोष्ट ध्यानात आली. मारोती रेडिओवर दुसऱ्या कुणाशी कधीच "हाव" बोलला नाही. त्याची हिंदी माझ्यापेक्षा चांगली. पलीकडून मी मराठीत विचारत होतो, म्हणून तो तसं बोलला.

इन्क्वायरीत त्याने एवढं एकच वाक्य सांगितलं असतं तर तो सुटला असता. मी अडकलो असतो.

म्हणून त्याने ते सांगितलं नाही.

वहिनी, हे आत्ताच तुम्हाला पाठवतोय. मला पोचायला अजून तीन तास लागतील. त्याच्या आत हे वाचा. पोरींना मोठ्याने वाचून दाखवा. चूक तुमच्या माणसाची नव्हती. मग मला मातीला येऊ द्यायचं का नाही, ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर वेशीवरून हात जोडून परत जाईन.

येऊ दिलंत, तर माझे दोन शब्द हेच असतील. सगळ्या गावासमोर.

मारोती, साश्रू निरोप रे.

तू थांबाच म्हणाला होतास.