बाकवालीला महागात पडलेली टाळी

गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये ती शाळेची बाकं बनवते, म्हणून सगळे तिला बाकवालीच म्हणतात. बँकेतले साहेबसुद्धा. लोखंडी पाइप वाकवायचा, वर फळी ठोकायची आणि शेवटी शेडमधल्या तिघा धष्टपुष्ट माणसांना एकदम बसवायचं. बाक जरा जरी हललं की परत दुरुस्तीला. "शाळेतली पोरं या तिघांना भारी असतात," हे तिचं शास्त्र.

पाइप मात्र अजून हातानंच वाकवायचे. दिवसाला बारा बाकं. तेरावं घेतलं की कंबरेचा निकाल. पाइप वाकवण्याच्या मशीनसाठी आठ लाखांचं कर्ज सव्वानऊ टक्क्यांनी मंजूरही झालं होतं. सही तेवढी बाकी. पण ही बाई कोथिंबिरीच्या जुडीसाठी अख्खा बाजार पालथा घालणारी. म्हणाली, "अर्थसंकल्प पंधरा दिवसांवर आलाय. छोट्या धंद्यांना काहीतरी सूट मिळेल. थांबू या."

अर्थसंकल्पाच्या दिवशी शेडमध्ये काम सोडून सगळे रेडिओभोवती. कुठलाच कर वाढणार नाही, असं मंत्र्यांनी सांगितलं. नव्या पाच हजार शाळा बांधणार, असंही सांगितलं. बाकवालीनं अशी टाळी वाजवली की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"मॅडम, पाच हजार शाळा म्हणजे बाकं किती हो?" वेल्डरनं घाबरत विचारलं.

"घाबरतोस काय? मशीन येतंय!"

महिन्याभरात तिच्या हातात अठराशे बाकांची सरकारी ऑर्डर पडली. मुदत तीन महिने. हातानं जेमतेम निम्मी झाली असती, आणि उशीर झाला तर ऑर्डर रद्द, अनामत रक्कमही गेली. ती धावतच बँकेत गेली.

साहेब म्हणाले, "आता सव्वाअकरा."

"अहो, सव्वानऊ होतं ना? मी काय पळून जाणार आहे?"

"तुम्ही नाही हो. सरकारला शाळा बांधायच्यात आणि कर वाढवायचा नाहीये. मग पैसा आणणार कुठून? कर्ज काढून. एवढं मोठं कर्ज हवंय, म्हणून व्याजही वाढवून देतंय. सरकारला पैसे दिले की आम्ही निर्धास्त. ते सोडून तुम्हाला द्यायचे, तर दर चढाच लागणार."

"म्हणजे ज्या शाळांसाठी मी टाळ्या पिटल्या, त्यांनीच माझं व्याज वाढवलं?"

"टाळ्या मीही पिटल्या," साहेब प्रामाणिकपणे म्हणाले. "माझा कर वाचला."

सव्वाअकरानं हिशेब मांडला तर बाकामागे चहापुरतेच सुटत होते. ती तोंड पाडून आईकडे गेली. आई निवृत्त मुख्याध्यापिका. आता काळजी करणं ही तिची पूर्णवेळ नोकरी. टेबलाशी बसून ती कसलासा फॉर्म भरत होती.

"माझी आठ लाखांची मुदत ठेव सुटली बघ. सरकारी रोखे घेतेय. चांगले साडेआठ टक्के देतायत!"

बाकवालीनं कपाळाला हात लावला. "घरभेदी! सगळे सरकारच्या दारात पैसे घेऊन उभे, म्हणून माझी ही गत. आणि तूही त्याच रांगेत?"

"सरकार बुडत नाही गं. तुला साधं पडसं झालं तरी शेडला कुलूप."

"ऐक तर. बँक माझ्याकडे सव्वाअकरा मागते. सरकार तुला साडेआठ देतं. मी तुला दहा देते. तुझे दीड टक्के वाढले, माझा सव्वा वाचला."

आईनं पेन खाली ठेवलं. "पुन्हा मांडून दाखव."

तिनं दोनदा मांडून दाखवलं. चूक सापडेना, त्यामुळे आईला आणखीच काळजी वाटली. "आणि हप्ता चुकला तर?"

"बँक करते तेच कर. जप्ती आण."

"जप्तीबिप्ती मला जमायची नाही. मी सरळ तुझ्याकडे राहायला येईन."

बाकवालीनं कागदावर 'दर एक तारखेला हप्ता' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि सही केली.

मशीन आलं, बाकं दोन दिवस आधीच रवाना झाली. सरकारनं बिल मात्र चार महिने लटकवलं. तोवर तिनं दवाखान्यांना स्टुलं करून विकली, वेल्डरचा पगार दोन तुकड्यांत दिला, स्वतः एक पैसाही उचलला नाही. पण एक तारीख उजाडली की आईच्या खात्यात हप्ता हजर.

सहाव्या हप्त्याला आईचा फोन आला. आवाज चक्क हिरमुसलेला.

"एखादा चुकव की गं."